वीज कोसळते दूर, जळतो घरातला राऊटर

एप्रिल-मेमधील वळवाच्या सरी असोत, मृगाच्या तोंडावरचा गडगडाट असो किंवा हस्त नक्षत्रातला परतीचा पाऊस असो. विजांचा मोठा कडकडाट होऊन गेला, की दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. संगणक सुरू होतो, पण इंटरनेट जोडले जात नाही. राऊटरचा दिवा लागत नाही. आठ पोर्टच्या स्विचमधील तीन पोर्ट मुके झालेले असतात. बहुतेक वेळा घरावर वा कार्यालयावर वीज पडलेली नसते. ती कोसळलेली असते दूरच्या एखाद्या झाडावर, विजेच्या खांबावर किंवा मोकळ्या माळावर.

नुकसान केवळ राऊटरच्या किमतीपुरते मर्यादित राहत नाही. शाळेत परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते, पतसंस्थेत दिवसभराचे व्यवहार अडतात, ग्रामपंचायतीतील दाखल्यांचे काम थांबते. अशा लहान ठिकाणी जादा उपकरणे ठेवलेली नसतात आणि तंत्रज्ञ तालुक्याच्या गावाहून यावा लागतो. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी महागडी यंत्रणाच हवी असे नाही. वीज उपकरणापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

वीज येते चार वाटांनी

आकाशातून जमिनीवर येणाऱ्या विजेच्या एका झोताचा प्रवाह साधारण ३० हजार अॅम्पिअर इतका असतो. क्वचित तो दोन लाख अॅम्पिअरपर्यंतही जातो. घरातील पंख्याला अर्ध्या अॅम्पिअरहूनही कमी प्रवाह लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांची कल्पना येते. हा प्रवाह सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात शिखरावर पोहोचतो. नुकसानीच्या दृष्टीने प्रवाहाच्या आकाराइतकाच त्याचा हा वेगही महत्त्वाचा असतो.

पहिली वाट थेट आघाताची. इमारतीवर किंवा गच्चीवरील अँटेनावर वीज पडली, तर जवळची उपकरणे वाचण्याची शक्यता फार थोडी. परंतु असे प्रसंग तुलनेने कमी घडतात. दुसरी वाट तारांची. विजेच्या खांबांवरून, टेलिफोनच्या तारेवरून किंवा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ताणलेल्या केबलवरून दाबाची लाट घरात शिरते. रोहित्राजवळ बसवलेले तडितरोधक ही लाट कमी करतात, पण पूर्णपणे थोपवू शकत नाहीत.

तिसरी वाट प्रवर्तनाची. विजेचा प्रचंड प्रवाह क्षणात वाढतो, तेव्हा भोवतालचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच झपाट्याने बदलते आणि जवळपासच्या लांब तारांत विद्युतदाब निर्माण होतो. वीज त्या तारेला शिवलेलीही नसते. चौथी वाट सर्वांत कमी ओळखीची आहे आणि ती जमिनीतून येते.

जमीन सर्वत्र 'शून्य' नसते

जमिनीचा दाब नेहमी शून्य असतो, असे सामान्यतः मानले जाते. वीज कोसळण्याच्या क्षणी हे गृहीत खोटे ठरते. प्रवाह मातीत पसरतो तेव्हा आघाताच्या जागी जमिनीचा दाब अतिशय वाढतो आणि अंतराबरोबर तो उतरत जातो. साध्या ओलसर मातीत ३० हजार अॅम्पिअरची वीज पडली असे धरून हिशेब केला, तर त्या जागेपासून ५० मीटरवरील आणि १०० मीटरवरील जमिनीत सुमारे पावणेपाच हजार व्होल्टचा फरक पडतो. मुरमाड वा खडकाळ जमिनीत हा फरक कित्येक पटींनी अधिक असतो. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचा कातळ अनेक ठिकाणी वरच्या थरातच लागतो, ही बाब येथे विसरता येत नाही.

आता एखाद्या शाळेचे उदाहरण घ्यावे. कार्यालय जुन्या इमारतीत आहे, संगणक कक्ष मैदानापलीकडील नव्या इमारतीत. दोन्ही इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे. दोन्हींना जोडणारी ६० मीटर लांबीची तांब्याची नेटवर्क केबल मैदानावरून नेलेली. जवळच वीज पडली, की दोन इमारतींच्या जमिनींमध्ये हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि त्यांना जोडणारा पूल असते ती हीच केबल. नेटवर्क पोर्टमधील लहानशा ट्रान्सफॉर्मरचे निरोधन १,५०० व्होल्टच्या कसोटीला उतरलेले असते. त्याच्या कितीतरी पट दाब त्याच्यावर येतो. मग दोन्ही टोकांचे पोर्ट एकदमच जळतात.

घरातील राऊटरची गतही काहीशी अशीच असते. त्याच्या एका बाजूस विजेचा अॅडॅप्टर, दुसऱ्या बाजूस बाहेरून आलेली केबल. या दोन तारांपैकी एकीवर लाट आली आणि दुसरी शांत राहिली, की दोहोंमधील दाबाचा फरक राऊटरच्या पोटातून वाट काढतो. उपकरण जळते ते बहुतेक वेळा एखाद्या तारेवरील दाबामुळे नव्हे, तर दोन तारांमधील फरकामुळे. संरक्षणाच्या साऱ्या उपायांचा पाया या एका गोष्टीत आहे. सर्व तारांचा आणि जमिनीचा दाब एकाच वेळी, एकाच ठिकाणी वर गेला, तर उपकरणातून प्रवाह जाण्याचे कारण उरत नाही. उंच तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, त्याचे कारणही हेच.

तारायंत्राच्या काळापासूनचा धडा

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. भारतात १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर या मार्गावर तारायंत्राची लाइन सुरू झाली आणि पुढे मैलोन्‌मैल तारा उघड्यावर उभ्या राहिल्या. त्या तारांवर विजेचे आघात होणारच होते. तार कार्यालयात शिरते तेथेच धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवून त्यांतील एक जमिनीशी जोडण्याची युक्ती तारायंत्राच्या तंत्रज्ञांनी काढली. नेहमीच्या दाबाला ती फट ओलांडता येत नसे. विजेची लाट आली की ठिणगी पडून ती जमिनीत जाई आणि यंत्र बचावे. पुढे टेलिफोन केंद्रांतही प्रत्येक जोडतारेसाठी वायूने भरलेल्या लहान नळ्या बसवल्या गेल्या, त्यांचे तत्त्व तेच. भारतातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. संरक्षण तारेच्या प्रवेशद्वारापाशीच करावे, हा तिने घालून दिलेला धडा मात्र आजच्या नेटवर्कलाही तंतोतंत लागू पडतो.

अर्थिंग: एकच आणि सामाईक

कोणताही सर्ज प्रोटेक्टर लाट गिळून टाकत नाही. तो तिला जमिनीकडे वळवतो. जमिनीकडे जाणारी वाटच नसेल, तर तो निरुपयोगी ठरतो. अनेक जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते. त्यामुळे खर्चाची सुरुवात अर्थिंगच्या तपासणीपासून व्हावी.

अर्थिंगसंबंधीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ या क्रमांकाने ओळखली जाते. तडितसंरक्षणासाठी पूर्वी आयएस २३०९ ही संहिता वापरात होती. तिच्या जागी आता आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारित मालिका आली आहे. तडितसंरक्षणाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमपेक्षा अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. हा रोध भर उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या जमिनीत घेतलेले माप फसवे ठरते. वळवाच्या विजा तर जमीन पुरती भिजण्यापूर्वीच येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत याच कारणाने योग्य आहे. कातळ लागत असेल, तर एका खोल खड्ड्याऐवजी अंतरा-अंतरावर अनेक सळ्या पुरून त्या एकमेकींना जोडणे किंवा जमिनीखालून धातूची पट्टी लांबवर नेणे उपयुक्त ठरते.

येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. संगणकांसाठी 'स्वच्छ' अर्थिंग हवे म्हणून अनेक ठिकाणी वेगळा खड्डा खणला जातो आणि तो इमारतीच्या मूळ अर्थिंगपासून मुद्दाम अलग ठेवला जातो. वीज पडली, की या दोन खड्ड्यांमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि मैदानावरील केबलसारखीच स्थिती एका खोलीत निर्माण होते. खड्डे कितीही असोत, ते जाड वाहकाने एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. विजेचे अर्थिंग, तडितवाहकाचे अर्थिंग, अँटेनाचा खांब आणि नेटवर्कचे कपाट हे सारे एकाच प्रणालीचे भाग असावेत. अर्थिंगचा रोध दहाऐवजी पाच ओहमवर आणण्यापेक्षा ही जोडणी अधिक महत्त्वाची आहे. कारण एक हजार अॅम्पिअर प्रवाह पाच ओहममधून गेला, तरी जमिनीचा दाब पाच हजार व्होल्टने वाढतोच.

सर्ज प्रोटेक्टर कोठे आणि कसा

विजेच्या पुरवठ्यासाठी संरक्षणाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. इमारतीवर तडितवाहक असेल किंवा पुरवठा उघड्या तारांवरून येत असेल, तर मीटरच्या पुढील मुख्य पॅनेलमध्ये पहिल्या प्रकारचे, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारे साधन बसवतात. मजल्यावरील वितरण पेटीत दुसऱ्या प्रकारचे आणि उपकरणालगत तिसऱ्या प्रकारचे. बाजारातील 'स्पाइक गार्ड' ही फार तर तिसरी पायरी असते. पहिल्या दोन पायऱ्या नसताना सगळी लाट तिच्यावर सोपवणे व्यर्थ आहे.

या साधनांत बहुधा झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. दाब मर्यादेत असेतो त्या प्रवाह अडवतात. दाब वाढला की क्षणार्धात वाट मोकळी करून देतात. प्रत्येक मोठ्या लाटेबरोबर चकती थोडी झिजते आणि अखेर निकामी होते. म्हणून साधनावरील दर्शक दिवा किंवा खिडकीतील रंग दर पावसाळ्यापूर्वी पाहावा आणि खूण बदलली असेल तर साधन बदलावे. पाच-सहा वर्षांपूर्वी बसवलेला प्रोटेक्टर आजही काम करतो आहे, असे गृहीत धरू नये.

बसवताना तारेची लांबी कळीची ठरते. विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला दहा हजार अॅम्पिअर या वेगाने वाढत असेल, तर सरळ तारेच्या प्रत्येक मीटरवर सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब पडतो. तार कितीही जाड असली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे प्रोटेक्टरच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी, असे मानकांत सांगितले आहे. पेटीत व्यवस्थित दिसावी म्हणून जादा तार वेटोळी करून ठेवण्याची सवय येथे घातक ठरते.

केवळ विजेच्या बाजूने संरक्षण घेतले आणि नेटवर्कची केबल तशीच सोडली, तर काम अर्धवट राहते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तांब्याच्या केबलवर, ती इमारतीत शिरते तेथे, नेटवर्कसाठीचा प्रोटेक्टर हवा आणि त्याची अर्थिंगची तार विजेच्या अर्थिंगच्या त्याच पट्टीला जोडलेली हवी. वीज आणि केबल या दोन्ही तारा इमारतीत एकाच बाजूने, शेजारी-शेजारी शिरल्या, तर हे काम सोपे आणि स्वस्त होते.

या साधनांवर विसंबू नये

एमसीबी जादा प्रवाहाने तार तापू नये यासाठी असते. ती मिलिसेकंदांत उघडते, विजेची लाट मायक्रोसेकंदांत आपले काम उरकून जाते. स्टॅबिलायझर कमी-जास्त दाब सावरतो, लाट नव्हे. यूपीएसमध्ये थोडेफार संरक्षण असते, परंतु नेटवर्कच्या केबलमधून आलेल्या लाटेवर त्याचा काहीच इलाज चालत नाही. इमारतीवरील तडितवाहकाचे काम इमारत आणि माणसे वाचवण्याचे. त्यातून उतरणारा प्रवाह शेजारच्या केबलमध्ये दाब निर्माण करतोच. म्हणून नेटवर्कची केबल तडितवाहकाच्या पट्टीला समांतर नेऊ नये.

फायबर: उत्तम, पण अर्धे उत्तर

दोन इमारती जोडण्यासाठी तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर वापरणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. काच वीज वाहून नेत नाही. दोन्ही टोकांना लहान मीडिया कन्व्हर्टर बसवले, की मैदानावरचा तो धोकादायक पूल नाहीसा होतो. फायबर केबलच्या दरांचा विचार करता एकदा जळालेल्या दोन स्विचच्या किमतीत हे काम होऊ शकते.

मात्र येथेही एक मेख आहे. हवेतून ताणण्याच्या अनेक फायबर केबलींमध्ये आधारासाठी पोलादी तार असते, तर जमिनीखालील केबलींना कधी धातूचे कवच असते. ही धातूची तार उपकरणापर्यंत आणली, तर फायबरचा मूळ लाभच हातचा जातो. आधाराची तार घराबाहेरच तोडून अडकवावी; कवच प्रवेशापाशी अर्थिंगला जोडावे.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचवण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. शहरांतही घरोघरी फायबर आले. त्यामुळे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून मोडेममध्ये शिरणाऱ्या विजेचा धोका पुष्कळ कमी झाला. तथापि फायबरच्या टोकाला असलेले उपकरण विजेवरच चालते, आणि त्यातून पुढे संगणक, कॅमेरे व दूरचित्रवाणी संचाकडे तांब्याच्याच केबली जातात. विजेच्या बाजूने आलेली लाट त्यांच्यामार्फत घरभर फिरू शकते.

सर्वाधिक जोखीम असते ती गच्चीवरील आणि खांबांवरील उपकरणांना. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला विजेचा पुरवठा नेटवर्कच्या केबलमधूनच केलेला असेल, तर त्या केबलच्या दोन्ही टोकांना प्रोटेक्टर आवश्यक ठरतो. बिनतारी इंटरनेटच्या अँटेना तडितवाहकाच्या टोकाहून खाली, त्याच्या संरक्षणाच्या छत्राखाली असाव्यात आणि त्यांचा खांब अर्थिंगच्या सामाईक प्रणालीला जोडलेला असावा. असे सर्व बाह्य कॅमेरे वेगळ्या स्विचवर घेऊन तो स्विच मुख्य जाळ्याशी फायबरच्या एका छोट्या तुकड्याने जोडला, तर एखाद्या कॅमेऱ्यावरील आघात सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही.

गडगडाटापूर्वी आणि गडगडाटात

हे सर्व केल्यानंतरही घरासाठी आणि लहान कार्यालयासाठी सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे: तारा काढून ठेवणे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. बटणातील काही मिलिमीटरची फट विजेच्या लाटेला अडवू शकत नाही. विजेची पिन सॉकेटमधून आणि बाहेरून येणारी तांब्याची केबल राऊटरमधून, अशा दोन्ही काढाव्यात. एकच काढली तर धोका कमी होतो, संपत नाही. काढलेले टोक उपकरणावर टेकवून ठेवू नये. शाळा, कार्यालये सुटीच्या दिवसांत बंद असताना हा नियम पाळणे विशेष सोयीचे असते.

वेळ मात्र साधली पाहिजे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर दहा किलोमीटर, म्हणजे तीस सेकंद, किंवा त्याहून कमी असेल, तर वीज आपल्या टापूत आली असे समजावे. त्यानंतर तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते. तारा काढायच्या त्या आभाळ भरून येताना. कडकडाट सुरू झाल्यावर नव्हे. अशा वेळी केबलने जोडलेला संगणक किंवा तारेचा टेलिफोनही हाताळू नये. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबूनच जोडणी पूर्ववत करावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची सूचना देते. त्याचा उपयोग माणसांच्या सुरक्षिततेसाठी तर आहेच, उपकरणांसाठीही करून घेता येतो.

विमा आणि माहितीची प्रत

विम्याबाबत एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अग्निविम्याच्या पॉलिसीत वीज पडणे हा संरक्षित धोका म्हणून नमूद असतो. पण अतिरिक्त दाब वा शॉर्टसर्किटने खुद्द विद्युत उपकरणाचे होणारे नुकसान, ते विजेमुळे झालेले असले तरी, अपवादांत टाकलेले आढळते. म्हणजे भिंत पडली तर भरपाई, राऊटर जळला तर नकार, असे घडू शकते. संगणक आणि नेटवर्कसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा स्वतंत्र विमा असतो. ज्या संस्थेकडे सर्व्हर आहे, तिने पॉलिसीतील हे कलम विमा प्रतिनिधीकडून लेखी समजून घ्यावे.

उपकरण पुन्हा विकत घेता येते, माहिती नाही. माहितीची एक प्रत तरी अशा साधनावर असावी, जे नेटवर्कला आणि विजेला कायम जोडलेले नसते. सर्व्हरशेजारी सतत जोडून ठेवलेली दुसरी हार्ड डिस्क विजेच्या त्याच लाटेत सापडू शकते.

महाराष्ट्रात गडगडाटी पावसाचे दोन मोसम असतात, मान्सूनपूर्व आणि परतीचा. त्यांपैकी पहिल्याच्या आधी, मार्चमध्ये, अर्थिंगचे माप, सर्व खड्ड्यांची परस्पर जोडणी, प्रोटेक्टरवरील खूण, गच्चीवरील केबली आणि माहितीची प्रत या पाच गोष्टी तपासून घेतल्या, तर लहान संस्थेला अर्ध्या दिवसापेक्षा अधिक वेळ लागत नाही. तपासणीत काही त्रुटी आढळलीच, तर ती दुरुस्त करून घेण्यास पहिला वळीव येईपर्यंत पुरेसे दिवसही हाताशी राहतात.